पंचनामा

साहेब म्हणाले, शिवाजी पुलाच्या कठड्यावर
कुणीतरी धुणं वाळत घातलंय, उतरवून आण,
विनापरवाना आहे.
मी कार्बन, पंचनाम्याचे कागद
आणि दोन मुकादम घेऊन निघालो.

सात धोतरं. एकाच ताग्यातली,
लक्ष्मीपुरीतून एकाच दिवशी आणलेली,
असं आक्काताई परीट सांगत होती येणाऱ्याजाणाऱ्याला.
सात ठिकाणी नुसती बुचकळून काढलेली.
साबण नाही, सोडा नाही, नीळ नाही.
"हात लावून बघा की साहेब,
निस्ती नदी हाय ह्यात."

तिच्या बाजूला शिरीन बागवान, आर्ट कॉलेजची.
ती बोलत नव्हती.
फुटपाथवर घाटाचा एक दगड आणून ठेवलेला,
त्या रिकाम्या दगडावर धोपाटणं आपटत होती,
एका लयीत, सकाळी सातपासून.
तळहाताला फडकं गुंडाळलेलं.
केएमटीतून कुणी ओरडलं, नाद खुळा!
कुणी म्हणालं, ह्यात कला कुठं हाय?
धोपाटणं थांबलं नाही.

पंच म्हणून मी दादू जौंदाळला धरलं,
वडणग्याचा, रतीब घालून परत चाललेला,
रिकाम्या किटल्या वाजवत.
दुसरा पंच कुणी व्हायला तयार होईना,
शेवटी मुकादमाचीच सही घेतली.

जप्त वस्तूचे वर्णन. नग. रंग.
पहिलं प्रयाग चिखलीचं. लिहिलं, पांढरे.
दुसरं घाटावरचं. लिहिलं, मळकट.
तिसरं, जयंती नाला मिळतो तिथलं.
इथं पेन थांबलं.
वीस वर्षं मी नाल्याच्या अहवालात
"समाधानकारक" लिहीत आलोय,
न बघता, हाताच्या सवयीनं.
त्या शब्दाला रंग नसतो.

चौथं राजाराम बंधाऱ्याचं, पाचवं रुकडीचं.
सहावं तेरवाडचं.
दादू वाकून बघत राहिला. म्हणाला,
"आजारी म्हशीच्या डोळ्यागत हाय, तसंच लिवा."
मी तसंच लिहिलं.
सरकारी कागदावर, तीन प्रतींत.

सातव्याच्या काठाला माशांची खवलं चिकटलेली,
ऊन पडलं की चमकायची,
जर लावल्यागत.
आक्काताईनं ते घडी घालून दिलं,
लग्नातलं धोतर द्यावं तसं, दोन्ही हातांनी.

गोडाऊनमध्ये ठेवली, हातगाड्या, फ्लेक्स,
नि पकडलेल्या प्लास्टिक पिशव्यांच्या शेजारी.
दुसऱ्या दिवशी वास जिन्यापर्यंत आला.
तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये.
खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली,
शेवटी हुकूम झाला, परत द्या ती.
पण मुद्देमाल असा परत देता येत नाही,
त्याला वरचा आदेश लागतो,
आणि वरचे साहेब रजेवर.
मग म्हणाले, निदान धुऊन तरी टाका,
बोलवा त्या परटिणीला.

ती आली. पदर खोचला.
गठ्ठा उचलला, दारापर्यंत गेली, वळली.
"धुते की. कुठल्या पान्यानं?"

केबिनमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
गठ्ठा तिनं होता तिथंच ठेवला.

शिरीनच्या हाताला टाके पडले म्हणे.
सोमवारी पुन्हा पुलावर होती,
डाव्या हातानं.

आज दुपारी दादू जौंदाळ ऑफिसात आला,
चपला बाहेर काढून.
"माझं नाव हाय म्हनं कागदात,
आन् मी बोललेलं पन.
येक झेरॉक्स मिळंल का?"
मी दिली. तिसऱ्या प्रतीची, फिकट.
त्यानं ती घडी न घालता
कॅलेंडरच्या पानात धरली.
गोठ्यात लावतो म्हणाला,
म्हशी नदीवरच जात्यात नव्हं.